फ्रिजच्या दारावरचा नकाशा

आमच्या घरातली सकाळ सासूबाईंच्या रेडिओने सुरू होते. त्या उठतात, खिडकीचा पडदा अर्धा सारतात, रेडिओवर हवामानाचा अंदाज लावतात आणि तो ऐकता ऐकता आकाशाकडे अशा नजरेने पाहतात, की जणू या दोघांपैकी कोणीतरी एक खोटे बोलत आहे आणि कोण, ते आजच ठरवायचे आहे. हा अंदाज ज्या कार्यालयातून निघतो, तिथे मी नोकरी करते. ठिकठिकाणच्या केंद्रांवरून आलेले तापमानाचे आकडे नकाशावर मांडायचे, सारख्या तापमानाच्या जागा रेषेने जोडायच्या आणि मधला भाग रंगाने भरायचा, हे माझे काम. पूर्वी हे पेन्सिलीने होई, आता संगणकावर होते. चुका मात्र अजून हातानेच कराव्या लागतात. सासूबाईंच्या मते मी सरकारी खर्चाने रंगकाम करते. अंदाज संपला की त्या रेडिओ बंद करतात आणि खिडकीकडे पाहत म्हणतात, "तुमचं ऑफिस म्हणतंय ढगाळ. मला तर एक ढग दिसत नाही."

त्या वेळी मी उतू जाण्याच्या बेतात असलेल्या दुधासमोर उभी असते. नवरा बाल्कनीत दोन कुंड्यांना पाणी घालत असतो. त्यांतली एक गेल्या वर्षापासून रिकामी आहे, पण सवय मोडू नये म्हणून तो तिलाही घालतो. तो नुकताच निवृत्त झाला आहे आणि घरातली प्रत्येक वस्तू तिच्या जागी लावण्याचे काम त्याने अंगावर घेतले आहे. मग चहा होतो, ब्रेड भाजला जातो आणि तीन डबे भरले जातात. तिघांपैकी कामावर जाणारी मी एकटी; पण नवऱ्याची डब्याची सवय सुटलेली नाही आणि सासूबाईंनाही दुपारचे जेवण डब्यातच लागते. डब्यात ते गरम राहते, असे त्या सांगतात. त्यांनाही रोज कुठेतरी निघायचे असावे, असे मला वाटते. मग माझी अंघोळ.

त्या दिवशीही सगळे याच क्रमाने झाले. फक्त साबण लावताना डाव्या बाजूला, काखेच्या जरा अलीकडे, बोटांना काहीतरी लागले. वाटाण्याएवढे. मी बोटे काढली, पुन्हा ठेवली. ते तिथेच होते. बाहेरून नवऱ्याने विचारले, की गीझर बंद करू का. मी म्हणाले, करा.

अशा वेळी काय करायचे असते, हे मला ठाऊक होते. डॉक्टरकडे जायचे असते. यात न समजण्यासारखे काही नाही आणि दुसऱ्या एखादीच्या बाबतीत मी हे तिला फोनवर, भाजी चिरता चिरता सांगितले असते. पण डॉक्टरकडे जायचे तर रजा घ्यायला हवी, रजेला कारण हवे, नवऱ्याला सांगायला हवे, मग त्याचा चेहरा पाहायला हवा. घरात एखादी गोष्ट बोलून दाखवली की ती सगळ्या घराची होते. तोवर ती फक्त माझी होती, आणि खरे सांगायचे तर मला ती माझीसुद्धा नको होती.

त्याच आठवड्यात आमच्या लिफ्टमध्ये एक जाहिरात चिकटवलेली दिसली. स्त्रियांच्या स्तनांच्या आरोग्यासाठी उष्णता टिपणारा कॅमेरा. स्पर्श नाही, वेदना नाही, किरण नाहीत. थंड खोलीत काही वेळ बसायचे आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे. खाली नमुन्याचे एक चित्र होते. लाल, पिवळा, हिरवा, निळा असे रंग, त्यांच्या मधून वळणे घेत जाणाऱ्या रेषा आणि बाजूला मापाची पट्टी. ज्या कागदाच्या बाजूला मापाची पट्टी असते, त्यावर अविश्वास दाखवणे मला माझ्या नोकरीमुळे जमत नाही. ते चित्र मला माहेरच्या माणसासारखे वाटले.

मी फोन केला. पलीकडच्या माणसाने नम्रपणे विचारले, "कोणासाठी हवंय, मॅडम?"

उत्तर एका शब्दाचे होते. ते ओठांपर्यंत आले आणि तिथे त्याला दुसराच शब्द भेटला. मी म्हणाले, "सगळ्यांसाठी. आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायकांसाठी."

त्या माणसाचा आवाज एकदम ताठ झाला. सगळ्यांसाठी असेल तर यंत्र घरपोच येईल, बरोबर प्रशिक्षित मुलगी येईल, आम्ही फक्त जागा आणि बायका पुरवायच्या. तहान लागली म्हणून कोणी नळयोजना मंजूर करून घ्यायला निघावे, तसा तो प्रकार होता. पण त्या क्षणी मला ती युक्ती फार सुबक वाटली. इतक्या बायकांमध्ये माझीही तपासणी होऊन जाईल, कोणी काही विचारणार नाही आणि मी एक सामाजिक काम केल्यासारखेही दिसेल.

सामाजिक कामाला समितीची परवानगी लागते. आमच्या इमारतीच्या समितीत सगळे पुरुष आहेत. एक जागा महिलांसाठी राखीव आहे. ती रिकामी असते, कारण सभा स्वयंपाकाच्या वेळेला भरते. अध्यक्ष हे निवृत्त लेखापरीक्षक. त्यांनी तळमजल्यावरच्या सभागृहाची नियमावली काढून मला समजावून सांगितले, की सभागृह वाढदिवस आणि शोकसभा या दोनच कारणांसाठी देता येते. आरोग्य कशातच बसत नाही. तरीही त्यांना मदत करायची होती, म्हणून त्यांनी चष्मा पुसत विचारले, "तुमचा कार्यक्रम या दोन्हींपैकी कशाच्या जास्त जवळ जातो?"

मी म्हणाले, "ते तपासणीनंतरच कळेल."

त्यांना माझे उत्तर विनोदी वाटले. ते बराच वेळ हसले आणि त्या हसण्याच्या भरात परवानगीही देऊन टाकली.

पुढचा अडथळा सूचनाफलकाचा. मी लिहून दिलेल्या मजकुरात अवयवाचे नाव होते. समितीने तो कागद हातोहात फिरवला, पण मोठ्याने कोणी वाचला नाही. एक सदस्य म्हणाले, फलकाजवळ मुले खेळतात. दुसरे म्हणाले, मुलांचे काही नाही, पण पाहुणे येतात. इतका साधा शब्द, जो घेऊन त्यांतल्या प्रत्येकाचे आयुष्य सुरू झाले, तो टाचणीने लाकडाला टोचण्याचे धैर्य त्या खोलीत कोणापाशी नव्हते. शेवटी अध्यक्षांनी आपल्या अनुभवी लेखणीने मजकूर दुरुस्त केला: 'महिलांची सर्वसाधारण उष्णता-तपासणी'. त्याचा परिणाम असा झाला, की पुढचे काही दिवस मला जिन्यात गाठून कोणी गुडघे दाखवले, कोणी रात्रीचा घाम सांगितला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या अभियंत्याने विचारले, की कॅमेरा येतोच आहे, तर जाता जाता त्याच्या फ्रिजच्या दारातून गारवा कुठे निसटतो तेही पाहता येईल का.

सल्ल्यांना तर ऊत आला. प्रत्येकीकडे एक मावसबहीण होती. एकीच्या मावसबहिणीला अशाच यंत्राने वाचवले होते, दुसरीच्या मावसबहिणीला अशाच यंत्राने उगाच घाबरवले होते, आणि तिसरीची मावसबहीण कधीच कुठे गेली नव्हती व उत्तम होती. मी सगळ्यांना समजुतीने उत्तरे देत होते. आयोजकाला स्वतःची मावसबहीण असून चालत नाही.

मग सभागृहातला एसी बंद असल्याचे कळले. तो किती वर्षे बंद आहे, यावर समितीत दोन मते होती. एकाच्या मते तो कधी सुरूच झाला नव्हता. कॅमेऱ्याला तर थंड आणि स्थिर हवेची खोली हवी. इमारतीत अशा खोल्या दोन-चारच, आणि त्यांच्या मालकिणींनी आपापल्या खोलीत पाहुणे, परीक्षा किंवा वाळवण असल्याचे कळवले. उरली आमची झोपायची खोली.

या खोलीबद्दल थोडे सांगायला हवे. तिच्या एका भिंतीवर ओल आहे. वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात आणि ती ओल त्यांच्या न्हाणीघरातून येते, असे माझे कित्येक वर्षांचे म्हणणे आहे. त्यांचे म्हणणे असे, की त्यांचे न्हाणीघर कोरडे ठणठणीत असून माझ्या भिंतीला घाम येतो. आणि मी हवामान खात्यात असल्यामुळे मला हे त्यांनी सांगण्याची गरज पडू नये. या विषयावर आमच्यात इतका पत्रव्यवहार झाला आहे, की जिन्यात भेटल्यावर आम्ही एकमेकींना 'महोदया' म्हणण्याच्या बेतात असतो. पण शिबिर सगळ्यांसाठी होते, तेव्हा त्यांनाही निमंत्रण देणे भाग होते. त्या म्हणाल्या, "येईन. शिस्तीत असेल तर."

शिबिराच्या दिवशी शिस्त सकाळपासूनच ढासळू लागली. तपासणीआधी दोन तास गरम काही प्यायचे नाही, उन्हात फिरायचे नाही, अंगाला काही लावायचे नाही, शेकायचे नाही, दमायचे नाही. मी हे नियम घरोघर सांगितले होते. त्या दिवशी लिफ्ट बंद पडली. बायका चार मजले चढून धापा टाकत आल्या आणि दारात सासूबाईंनी, घरी आलेल्या माणसाला तसेच बसवणे शोभत नाही म्हणून, त्यांच्या हातात वाफाळत्या चहाचे कप दिले. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत पहिली फेरी पिऊन झाली होती. कॅमेरावाली मुलगी हडकुळी आणि फार गंभीर होती. तिने कपांकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले आणि यंत्र पुन्हा पेटीत ठेवले. दोन तास आमच्या बैठकीच्या खोलीत इमारतीतल्या बायका थंड व्हायची वाट पाहत बसल्या. इतक्या बायका इतका वेळ चहाशिवाय आणि कामाशिवाय एकत्र बसल्याचे माझ्या पाहण्यात नाही. सुरुवातीला त्या अस्वस्थ झाल्या, मग पाय वर घेऊन बसल्या, मग गप्पा अशा रंगल्या, की त्यांचा नंबर आल्यावर उठवणे कठीण झाले.

नवऱ्याला दाराबाहेर खुर्ची टाकून बसवले होते. पुरुषांना आत सोडायचे नाही, एवढेच त्याचे काम. पुरुष कोणी आले नाहीत; बायकांनी मात्र आत जाताना आपापल्या पर्स त्याच्याकडे दिल्या. मी डोकावले तेव्हा त्याच्या खांद्यांवर, गुडघ्यांवर आणि गळ्यात मिळून इतक्या पर्स होत्या, की त्याला मान वळवता येत नव्हती. चेहऱ्यावर मात्र राष्ट्रीय संपत्तीच्या रखवालदाराचे समाधान होते.

सासूबाईंनी आदल्या दिवशीच जाहीर केले होते, की या वयात आपण कोणापुढे कपडे काढणार नाही. पण हात लावत नाहीत आणि आत एसी आहे, हे कळल्यावर त्या सगळ्यांच्या आधी जाऊन आल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "फोटो बरा आला. डोकं मात्र घेतलं नाही."

माझे काम पडद्याच्या अलीकडे उभे राहून प्रत्येकीला सूचना देण्याचे. कॅमेरावाली हळू बोलत असे, म्हणून तिचे म्हणणे मी मोठ्याने पुन्हा सांगायची. हा कॅमेरा फक्त कातडीची उष्णता पाहतो. आत काय आहे ते तो पाहत नाही. कोणाला गाठ लागत असेल, दुखत असेल, तर चित्र कसेही येवो, थांबायचे नाही, रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना दाखवायचे. दिवसभर मी हे सांगत होते. माझा उच्चार स्पष्ट आहे. शेवटच्या रांगेतल्या बाईलाही ते नीट ऐकू गेले. जिला ते ऐकू आले नाही अशी त्या घरात एकच व्यक्ती असावी, आणि ती बोलत होती.

मुख्याध्यापिका आल्या. परक्या यंत्रापुढे एकटे उभे राहणे त्यांना पसंत नव्हते, म्हणून त्यांनी मला आत थांबायला सांगितले. भांडण भांडणाच्या जागी, साक्षीदार साक्षीदाराच्या जागी. कॅमेरावालीने त्यांना दोन्ही हात वर करायला सांगितले. आयुष्यभर ज्यांनी मुलांना असे उभे केले, त्या बाईंनी हात वर केले आणि नजर समोर ठेवली. पडद्यावर त्यांची आकृती उमटली. खांदे पिवळे, मधला भाग हिरवा, उजव्या बाजूला एक ठसठशीत लाल डाग. आणि त्यांच्या पाठीमागून, छतापासून खाली उतरत आलेली एक गडद निळी जीभ.

"हे निळं काय आहे?" त्यांनी विचारले. आवाज जरा चिरकला होता. "हे माझं आहे?"

"नाही, मॅडम. हे मागच्या भिंतीचं," मुलगी म्हणाली. "तिथं ओल आहे, म्हणून गार दिसतंय. वरून येतेय. वर काय आहे?"

खोलीत एसीचा तेवढा आवाज होता. मी मुद्दाम काही बोलले नाही. त्या मौनासाठी मला आजही स्वतःचे कौतुक वाटते.

"माझं न्हाणीघर," मुख्याध्यापिका म्हणाल्या. हात वर ठेवून माणसाला फार वेळ नाकबूल राहता येत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

ओलीचा प्रश्न तिथल्या तिथे मिटला. भिंतीवर चादर टांगून दुसरे चित्र घेतले, पण लाल डाग तसाच होता. मुलीने सांगितले, की हे कशानेही येऊ शकते, पण दाखवून घ्या. मुख्याध्यापिकांनी कपडे घातले, कॉलर सारखी केली आणि "उद्या जाते," म्हणाल्या. कोणाबरोबर, कशा, कोणाला काय सांगून, असले काही नाही. घंटा झाली की वर्गावर जायचे, तसे.

सगळ्या गेल्यावर माझा नंबर आला. तोवर मी इतकी धावपळ केली होती, की मुलीने मला अंग गार होईपर्यंत बसवून ठेवले. मग तिने सगळ्यांना विचारलेले प्रश्न मला विचारले. वय, ऑपरेशन, औषधे. कुठे दुखतं का? गाठ वगैरे काही लागते का?

"नाही," मी म्हणाले. इतक्या सहज, की क्षणभर मलाही ते खरे वाटले.

चित्र आले ते हिरवे. दोन्ही बाजूंना सारखे, शांत, कडेला थोडा निळा. "सगळं एकसारखं आहे, मॅडम," मुलगी म्हणाली आणि तिने मला कागद दिला. मी त्याच्याकडे पाहिले. असा नकाशा माझ्या टेबलावर आला असता, तर मी त्याखाली 'आकाश निरभ्र' लिहून मोकळी झाले असते.

त्यानंतरचे काही दिवस मी सुखात होते. बोटांना त्या बाजूला जायला बंदी केली होती. कागद मात्र कुठे ठेवावा हे सुचेना, म्हणून तो जेवणाच्या टेबलावर माझ्या ऑफिसच्या कागदांत सरकवला. संध्याकाळी घरी आले, तर तो फ्रिजच्या दारावर, चारी कोपऱ्यांना चुंबके लावून, सगळ्या जगासमोर टांगलेला. वस्तू जागी लावणाऱ्या नवऱ्याने तो उचलला होता.

"तुझ्या ऑफिसचा दिसला, म्हणून लावला," तो म्हणाला. "हा कुठला भाग गं? दोन्ही द्वीपकल्पांवर हवा बरी दिसतेय."

मी फ्रिज उघडून पाण्याची बाटली काढली. सासूबाईंनी आपला कागद पाहिलेला असल्यामुळे त्यांनी ही द्वीपकल्पे ताबडतोब ओळखली. थोड्या वेळाने त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून त्या कागदावर अडकवले. नवऱ्याने कॅलेंडर पुन्हा भिंतीवर लावले, कारण कॅलेंडरची जागा तिथे आहे. हा झगडा रोज चालला. मधेच अध्यक्ष शिबिराबद्दल आभार मानायला आले आणि पाणी पिता पिता त्या नकाशाचा बराच वेळ अभ्यास करून म्हणाले, की खालच्या पट्ट्यात यंदा पावसाची ओढ दिसते. सासूबाई उठून आत गेल्या आणि आतून खोकल्याचा आवाज येत राहिला.

मी तो कागद काढून का टाकला नाही, असे कोणी विचारील. काढला असता तर नवऱ्याने कारण विचारले असते. पण ते अर्धेच खरे. पाण्याची बाटली काढायला जाताना ते हिरवे चित्र पाहिले की मला बरे वाटे. मी दिवसातून फार वेळा पाणी पिऊ लागले होते.

मग एका सुट्टीच्या सकाळी मुख्याध्यापिका प्लंबरला घेऊन आल्या. त्याला भिंत दाखवली आणि स्वयंपाकघरात बसून त्यांनी आपली हकिगत थोडक्यात सांगितली. रुग्णालयात डॉक्टरांनी हाताने तपासले, मग मॅमोग्राफी झाली. दोन पाट्यांमध्ये दाबतात, थोडे दुखते, लवकर संपते. काही निघाले नाही. लाल डागाचे कारण त्यांच्याच घरात होते: उजव्या बाजूला चमक भरली म्हणून खाली येण्याआधी त्यांनी तिथे गरम पाण्याची पिशवी लावली होती. नियम मोडल्याची शिक्षा, असे त्या स्वतःच म्हणाल्या.

"घाबरला नाहीत?" मी विचारले.

"घाबरले की. घाबरतच गेले," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर फ्रिजकडे गेली. कॅलेंडर त्या वेळी भिंतीवर होते. "तुमचं हिरवं आलं. बरं झालं. तुम्हाला जायला नको."

त्यात टोमणा नव्हता. त्या खरोखरच माझ्यासाठी बरे वाटून बोलत होत्या, आणि म्हणूनच ते वाक्य मला पुढचे दोन दिवस पुरले. जिला काही नव्हते ती बाई लाल रंग पाहून रुग्णालयात जाऊन आली होती. जिच्या बोटांना काही लागले होते, ती हिरव्या रंगापुढे पाणी पीत उभी होती.

त्याच आठवड्यात ऑफिसात एका डोंगरातल्या केंद्राचा आकडा आला नाही. असे होते, तिथले यंत्र बिघडते, माणूस आजारी पडतो. आमची पद्धत अशी, की ज्या केंद्राचा आकडा नाही तिथली जागा पांढरी सोडायची आणि केंद्राला फोन करायचा. हल्ली संगणकाला सांगितले, तर तो आजूबाजूच्या आकड्यांवरून ती जागा स्वतःच भरतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांना घरी लवकर जायचे होते. त्यांनी ती भरून टाकली. हिरवी.

मी विचारले, केंद्राला फोन केला का. ते म्हणाले, "आजूबाजूला सगळं हिरवंच आहे हो, ताई. मधेच काय वेगळं असणार?"

"काय आहे ते माहीत नाही, म्हणूनच विचारायचं ना," मी म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला असावा, कारण पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले. सहकाऱ्यांनी निमूटपणे फोन उचलला. आकडा मिळाला. तो आजूबाजूच्या आकड्यांसारखाच होता, आणि त्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. पण आता तो आकडा होता. मघाशी ती नुसती आमची इच्छा होती.

मी त्यांची माफी मागितली आणि उद्याच्या रजेचा अर्ज केला.

घरी आले तेव्हा कॅलेंडर फ्रिजवर होते, म्हणजे शेवटची खेळी सासूबाईंची होती. मी ते काढून भिंतीवर लावले आणि नवऱ्याला हाक मारली. "अहो, जरा इकडे या. हा नकाशा ऑफिसचा नाही."

"मग कुठला?"

"माझा."

तो चष्मा लावून जवळ आला. त्याने एकदा कागदाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि मग त्या दोन द्वीपकल्पांचा भूगोल त्याच्या ध्यानात आला. त्याचे कान लाल झाले. अध्यक्षांनी त्याच्यापुढे उभे राहून पर्जन्यमान सांगितले होते, हेही त्याला आठवले असावे. तो चुंबक काढायला निघाला, पण मी त्याचा हात धरला आणि त्याचे बोट कागदावर ठेवले.

"इथे. या किनाऱ्याच्या जरा आत. मला गाठ लागते."

"पण इथं तर हिरवं आहे," तो म्हणाला.

"हो."

त्याने बोट काढले नाही. फक्त दाब इतका हलका केला, की जणू कागदाला दुखेल. "कधीपासून?"

"शिबिराच्या आधीपासून."

तो स्टुलावर बसला. त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर लागत होती, आणि त्या कामात त्याला मध्ये बोललेले चालत नाही, म्हणून मी थांबले. समिती, फलक, चहा, भिंत, चार मजले चढून आलेल्या बायका. मग तो म्हणाला, "एवढ्या सगळ्यांच्या पर्स धरल्या मी. तुझी एकटीची धरायची होती, तर तीही धरली असती."

मला हसू आले आणि मग दुसरे काहीतरी आले. ते बराच वेळ थांबेना. आतल्या खोलीत सासूबाईंच्या पलंगाचा आवाज झाला, पण त्या बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ लागला नाही. दूध तापले, दोन्ही कुंड्यांना पाणी मिळाले, डबे भरले गेले. निघताना सासूबाईंनी आपला डबा उचलून माझ्या पिशवीत ठेवला. तिथे फार वेळ लागतो, उपाशी बसू नकोस, म्हणाल्या. त्यांचा डबा पहिल्यांदाच घराबाहेर निघाला होता.

रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीपुढे रांग होती. नवरा माझ्या मागे उभा होता. रांग पुढे सरकली की एक पाऊल पुढे सरकत होता. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारले, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

"काय होतंय?"

"डाव्या बाजूला गाठ लागते."

त्यांनी लिहून घेतले. आमच्या सूचनाफलकाला जो शब्द पेलवला नव्हता, तो त्यांनी भाजीचे नाव लिहावे तसा लिहिला आणि चिठ्ठी सरकवली. उजव्या हाताला दुसरे दार, आत डॉक्टर आहेत, ओळीने जा. मागून नवऱ्याने हात पुढे केला. मी त्याला पर्स दिली आणि दाराकडे गेले.